तापात आकडी आली आणि घराण्याचा इतिहास निघाला

सुदामानगरची_सून
नमस्कार. इंदूरहून लिहितेय. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढला.

मुलगा अकरा महिन्यांचा. गेल्या आठवड्यात त्याला ताप आहे हे आम्हाला कळायच्या आतच आकडी आली. डोळे वर, अंग ताठ, मग हातापायांना झटके, ओठ काळसर. दोन-तीन मिनिटांत थांबलं असावं, घड्याळाकडे बघायचं भान कुणाला होतं! रात्र दवाखान्यात काढली. पुढे तीन-चार दिवस ताप १०३-१०४ च्या घरात, आणि उतरला त्या दिवशी छाती-पाठीवर गुलाबी पुरळ. डॉक्टर म्हणाले रोझिओला आहे, विषाणूचा ताप, आकडी तापातली आहे, घाबरू नका.

इथवर ठीक. पण त्यांनी विचारलं, "घरात लहानपणी कुणाला असं व्हायचं का?" सासूबाई ताबडतोब, "आमच्याकडे असलं काही नाही हो," आणि माझ्याकडे बघितलं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, तेव्हा जे काही नको ते तिकडूनच आलेलं असणार. दोन दिवसांनी ग्वाल्हेरहून आत्येसासूबाईंचा बाळाची चौकशी करायला फोन. त्या सहज बोलून गेल्या, "अगं, तुझ्या नवऱ्याला नाही का, चार वर्षांचा होईपर्यंत दर तापाला व्हायचं. आम्ही दातांची आकडी म्हणायचो."

फोन स्पीकरवर होता.

तर प्रश्न असे. हे विषाणूमुळे झालं की रक्तातून आलं? पुढे मिरगी होईल का? पुन्हा येईल का? आणि नणंदेच्या ओळखीतलं कुणी म्हणतंय की जनुकीय तपासणी करूनच टाका. करावी का?

रामबागवाला
बाळ आता कसं आहे ते आधी सांगा.

आणि त्या आत्येसासूबाई इंदूरला आल्या की कळवा. सराफ्यात गराडू (आपला तळलेला कंद) माझ्यातर्फे.

सुदामानगरची_सून
बाळ मजेत आहे, मोबाइलचा चार्जर चघळतोय. घरात मात्र अजून कुणी कुणाशी नीट बोलत नाहीये.

निवृत्त_बालवैद्य
सूनबाई, मी बालरोगतज्ज्ञ होतो, आता निवृत्त आहे. त्यामुळे वेळ आहे आणि फी नाही. तुमच्या बाळाला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

विषाणू की रक्त, या वादात बहुतेक वेळा दोघांचाही हात असतो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात मेंदू तापाला हळवा असतो. ताप सगळ्याच मुलांना येतो, पण त्यात आकडी येणारी शंभरात दोन ते पाच, जपानात त्याहून जास्त. ही दोन ते पाच कोण, ते बऱ्याच अंशी घराण्यावर ठरतं. आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला आली असेल तर शक्यता वाढते. ठिणगी पाडायचं काम विषाणू करतो. फ्लू, अॅडिनोव्हायरस आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलांत विशेषकरून तुमचा हा रोझिओला. त्याचा विषाणू एचएचव्ही-६, नागिणीच्या विषाणूच्या गोतावळ्यातला. तो सापडला १९८६ मध्ये, आणि रोझिओला त्याच्यामुळे होतो हे जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. म्हणजे मी शिकत होतो तेव्हा आम्हाला हा आजार माहीत होता, कारण माहीत नव्हतं. दोन-तीन वर्षांची होईतो जवळजवळ सगळ्या मुलांना तो गाठतो. बहुतेक घरांत "दात येतायत" म्हणून जातो. पुरळ ताप उतरल्यावर येतं, त्यामुळे ताप चढत असताना नाव सांगणं डॉक्टरलाही जमत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पुरळ बघून सांगितलं, ते बरोबर केलं.

आता साधी आणि गुंतागुंतीची यांतला फरक. साधी म्हणजे सगळ्या अंगाला एकसारखी, पंधरा मिनिटांच्या आत थांबणारी, चोवीस तासांत एकदाच. एकाच बाजूला येणारी, पंधरा मिनिटांवर चालणारी किंवा त्याच दिवशी पुन्हा येणारी ती गुंतागुंतीची. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची साधी वाटते.

पुन्हा येण्याची शक्यता: तापात आकडी आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांना पुन्हा येते. पहिली वर्षाच्या आत आली असेल तर जवळजवळ निम्म्यांना. त्यात बापाचाही इतिहास आहे. तेव्हा पुन्हा येईल असं धरूनच तयारीत राहा.

मिरगीचं म्हणाल तर समाजात शंभरात एखाद्याला ती असतेच. साध्या तापाच्या आकडीनंतर हे प्रमाण एक ते दोन. गुंतागुंतीची असेल तर पाच-सहा, आणि धोक्याच्या खुणा एकाहून जास्त असतील तर आणखी वर जातं. अशा साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, मूल मठ्ठ होत नाही.

टिळकनगरच्या_काकू
डॉक्टरसाहेबांचं बरोबर असेल, पण आमच्या वेळी कांदा फोडून नाकाशी धरायचो, दोन मिनिटांत मूल ताळ्यावर यायचं. माझ्या तिन्ही मुलांना धरलाय.

निवृत्त_बालवैद्य
काकू, दोन-तीन मिनिटांत ती आपणहूनच थांबते. श्रेय कांद्याला मिळतं.

रामबागवाला
आमच्याकडे चप्पल हुंगवायचे. चुलत्यांची, कारण त्यांचीच सगळ्यात जालीम. मोठेपणी मला ताप आला तरी मी कुणाला सांगत नसे.

काळजीवाहू_बाबा
चमच्याचं कुणी बोललं नाही अजून. दातखीळ बसते म्हणून माझ्या मेहुण्याने पुतणीच्या तोंडात चमचा घातला, समोरचा दात तुटला आणि तो श्वासनलिकेत गेला नाही हे नशीब.

निवृत्त_बालवैद्य
चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही तोंडात घालायचं नाही. जीभ कुणी गिळत नाही. मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर येईल. आजूबाजूचं टोकदार काढा, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं. हे ऐकायला निर्दय वाटतं, पण झटके एका बाजूचे होते की दोन्ही, हे रडणाऱ्या आईच्या वर्णनापेक्षा त्या चित्रणातून शंभरपट नीट कळतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ किंवा स्वतःची गाडी, जे आधी मिळेल ते.

आणि आणखी एक, नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ निघेल. पहिली आकडी आणि वय एका वर्षाच्या आत, तर घरी बसून "तापातलीच असेल" असं कुणी ठरवू नये. मेंदूज्वर नाही ना, हे डॉक्टरने बघावंच लागतं. टाळू फुगलेली, मान ताठ, आकडीनंतर तासाभरानेही मूल नीट जागं नाही, सतत उलट्या, अंगावर जांभळे डाग, अशा वेळी पाठीतलं पाणी तपासायला सांगितलं तर नातेवाइकांची सभा भरवू नका. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची आकडी तापातली समजायचीच नाही. तिथे कॅल्शियम, साखर, जंतुसंसर्ग सगळं बघावं लागतं.

वाचनमात्र_वर्षा
दोन मिनिटांची असली तरी ती दोन मिनिटं किती लांब असतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. मला वाटलं होतं की मूल गेलं. एवढंच लिहायचं होतं.

काळजीवाहू_बाबा
मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्या मुलीला पहिली चौदाव्या महिन्यात आणि मग जवळपास प्रत्येक तापात. आम्ही सुरुवातीला काय केलं, तर ताप येऊच द्यायचा नाही. दर चार तासांनी पॅरासिटामॉल, रात्री गजर लावून उठायचं, ओल्या पट्ट्या, दर अर्ध्या तासाला थर्मामीटर. तरी आली. मग आमच्या डॉक्टरांनी समजावलं की तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, त्याने आकडी टळते असं अभ्यासांत दिसत नाही. कितीदा तर आकडी हीच तापाची पहिली खूण असते. सूनताईंच्या बाबतीत तेच झालंय. त्यामुळे "ताप लक्षात कसा आला नाही" असं घरात कुणी म्हणत असेल तर हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

मग त्यांनी क्लोबाझाम हे आकडी रोखणारं औषध दिलं. ताप आला की सुरू करायचं, दोन-तीन दिवस द्यायचं आणि थांबवायचं. आम्हाला त्याचा फायदा झाला. मूल झोपाळू होतं, चालताना तोल जातो, पण येणं कमी झालं. शिवाय चालू आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे घरात, आजोळी आणि गाडीत. तो पाच मिनिटांच्या वर गेली तरच.

निवृत्त_बालवैद्य
बाबासाहेब, पहिला परिच्छेद सोन्यासारखा. दुसऱ्याबद्दल माझं मत वेगळं आहे. साध्या, एखाद-दुसऱ्या आकडीसाठी क्लोबाझाम मी देत नसे. झोपाळलेलं मूल तापात आणखी मलूल दिसतं, आणि मग हे औषधाने की मेंदूज्वराने, हे सांगणं अवघड होतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही साध्या आकडीसाठी ना रोजचं, ना तापापुरतं औषध अशीच शिफारस आहे.

काळजीवाहू_बाबा
डॉक्टरसाहेब, आदर ठेवून म्हणतो, शिफारस करणारे रात्री अडीचला मुलीला कडेवर घेऊन लिफ्टची वाट बघत नसतात. वारंवार येणारी असेल, दवाखाना लांब असेल, तर आईबापाच्या झोपेलाही काही किंमत आहे की नाही?

निवृत्त_बालवैद्य
आहे. वारंवार येणाऱ्या, लांबणाऱ्या किंवा गावाकडे राहणाऱ्या मुलांना मीही दिलेलं आहे. पहिल्याच आकडीनंतर सरसकट चिठ्ठीवर येतं, ते मला खटकतं.

विश्वामित्रीकाठची
वडोदऱ्याहून लिहितेय. हा धागा सकाळपासून वाचतेय, लिहावं की नाही असं चाललं होतं. सूनताई, आधीच सांगते, तुमच्या बाळाचं वर्णन माझ्या मुलीसारखं नाही. घाबरून जाऊ नका. पण "तापातली आहे, जाईल" हे वाक्य आम्ही फार जणांकडून फार वेळा ऐकलं, म्हणून लिहितेय.

तिला पहिली सहाव्या महिन्यात आली, लसीच्या दुसऱ्या दिवशी, ताप अगदी किरकोळ. उजवी बाजूच. अर्ध्या तासाच्या वर चालली. पुढच्या वेळी डावी बाजू. मग गरम पाण्याने आंघोळ घातली तरी यायला लागली. इथे शेजारपाजारचे सगळे "खेंच आली, माताजींची बाधा मानून घ्या" म्हणत होते. सासरे म्हणत होते लसीने झालं. ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. एका डॉक्टरांनी कार्बामाझेपिन हे मिरगीचं औषध सुरू केलं आणि आकड्या वाढल्या. डोस वाढवला, आणखी वाढल्या.

शेवटी मुंबईच्या एका बाल-मेंदूविकारतज्ज्ञांनी इतिहास ऐकूनच सांगितलं, ड्राव्हे सिंड्रोम असेल, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे होणारी जड मिरगी. एससीएन१ए या जनुकाची तपासणी केली. बदल सापडला. आम्हा दोघांत नाही. तिच्यात नव्याने झालेला.

तपासणीने आजार बरा झाला नाही. पण ते औषध बंद झालं, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामवर आली, आणि लांबणाऱ्या आकड्या बऱ्याच कमी झाल्या. दुसरं म्हणजे लसीचं भांडण मिटलं. सासरे त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे दोष कुणाचाच नाही." तोवर आमच्याकडे तीन वर्षं कुणाचा तरी होता.

ती आता नऊ वर्षांची आहे. बोलते कमी, गरबा मात्र सोडत नाही.

रामबागवाला
ताई, नमस्कार तुम्हाला.

पेशीवाली
मी जनुकीय प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. विश्वामित्रीताईंनी लिहिलं ते इतकं महत्त्वाचं आहे की त्याला थोडी जोड देते.

एससीएन१ए हे जनुक मज्जापेशींतल्या सोडियमच्या दारांपैकी एक दार बनवायची सूचना आहे. ही दारं मेंदूला शांत ठेवणाऱ्या पेशींना विशेष लागतात. जनुकाची एक प्रत बिघडली की या पेशी थकतात, म्हणजे गाडीचा ब्रेक अर्धाच लागतो. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमचीच दारं बंद करतात, म्हणून ड्राव्हेत उलटी पडतात. हा आजार शार्लोट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरबाईंनी १९७८ मध्ये वर्णिला, जनुक कळलं २००१ मध्ये. दहातल्या साधारण नऊ मुलांत बदल नवाच झालेला असतो, आईबापांत नसतो. तरी दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर समुपदेशन घ्यावं, कारण कधीकधी आईच्या किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत तो असतो आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत निसटतो.

लसीचं म्हणाल तर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने "लसीने मेंदू बिघडला" असं निदान असलेली चौदा माणसं तपासली, त्यांतल्या अकरांत एससीएन१ए बिघडलेलं निघालं. लसीच्या तापाने आकडी लवकर दिसली असेल, आजार आधीपासून होता.

याच जनुकाचे सौम्य बदल घराण्यात वारशाने चालतात. एकाच घरात कुणाला लहानपणी तापातल्या, कुणाला सहा वर्षांनंतरही तापातल्या, कुणाला खरी मिरगी, आणि कुणाला काहीच नाही. अशी घराणी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातच ओळखली गेली. पण ही अगदी थोडी. बहुतेक घरांत तापातल्या आकडीमागे एक जनुक नसतं, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तिथे तपासणी करून हाती काही लागत नाही. कधीकधी "अर्थ स्पष्ट नसलेला बदल" असं लिहून येतं आणि घरचे वर्षभर त्या ओळीवर झुरतात. सूनताई, तुमच्या वर्णनावर मी स्वतःच्या बाळाची तपासणी केली नसती.

जाता जाता एक गंमत, विषाणू की रक्त या प्रश्नासाठी. शंभरातल्या सुमारे एका माणसात हा एचएचव्ही-६ विषाणूच गुणसूत्रात शिवला गेलेला असतो आणि आईबापांकडून वारशाने येतो. अशा बाळाची विषाणू-तपासणी कायम पॉझिटिव्ह येते, आजार नसला तरी. म्हणजे रक्तातून आलेला विषाणू!

रामबागवाला
हे सासूबाईंना सांगू नका. नवीन भांडण.

मेडिकलवाला_दादा
आमचं छोटं औषधांचं दुकान आहे, परदेशीपुऱ्याकडे. एक सांगतो. अजूनही लोक मुलांच्या तापासाठी निमेसुलाइड मागायला येतात, "पिछली बार जल्दी उतर गया था" म्हणून. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही नाही. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं आणि बाटल्या दोन-तीन ताकदीच्या येतात, थेंब वेगळे, सिरप वेगळं. थेंबांचं माप सिरपला आणि सिरपचं थेंबांना लावणारे रोज भेटतात. बाटली बदलली की डॉक्टरला विचारा.

धागा_संपादक
सूचना: कृपया इथे कुणीही कुणाला मिलिग्रॅममध्ये डोस लिहू नयेत. आतापर्यंत सगळ्यांनी पथ्य पाळलंय, तसंच राहू द्या. गराडूवरचे प्रतिसाद खाऊगल्लीत हलवले आहेत.

टिळकनगरच्या_काकू
मी कांद्यावरून बोलणी खाल्ली, ठीक आहे. पण सूनबाई, तुझ्या सासूवर सगळे हसतायत म्हणून लिहिते. ती खोटं का बोलली असेल ते मला माहीत आहे. आमच्या वेळी ज्या घरात आकडी आहे असं कळलं, त्या घरातल्या मुलींना स्थळं येत नसत. मुलाला झालं तरी बहिणीचं लग्न अडायचं. माझ्या जावेच्या मुलाला व्हायचं, तर पाहुणे असताना ताप आला की त्याला माडीवर ठेवायचे. बोलायचं नाही अशी सवयच पडते, मग डॉक्टरने विचारलं तरी तोंडातून निघत नाही. तुझी नणंद कधी उजवली?

सुदामानगरची_सून
काकू, २००३ मध्ये.

तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

लष्करचे_वकील
ग्वाल्हेरहून. काकू म्हणतात त्याला कायद्याचाही आधार होता हे फार जणांना ठाऊक नसतं. हिंदू विवाह कायद्यात "वारंवार येणारे मिरगीचे झटके" ही विवाहाला अडचण मानली होती. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढले गेले. तोवर कुठलाही वकील ते कलम काढून दाखवू शकत असे, आणि दाखवतही. त्यात तापातली आकडी ही मिरगी नव्हेच, पण ते समजावणार कुणाला? माझ्या वडिलांच्या अशिलांत एक प्रकरण होतं, त्यात मुलीला लहानपणी गोवराच्या तापात एकदाच आली होती. तेवढ्यावरून सासरचे कोर्टात.

काळजीवाहू_बाबा
आणि हे मोडायचं तर घरातला इतिहास लिहून ठेवायला हवा. आमच्याकडे मी एक कागद केला आहे. कुणाला, कोणत्या वयात, तापात की तापाशिवाय, किती वेळ, कोणत्या बाजूला, कोणती लस केव्हा. नव्या डॉक्टरकडे गेलं की तोच पुढे ठेवतो. बायकोच्या माहेरचा रकाना भरायला आठवडा लागला, माझ्याकडचा भरायला सहा महिने. आमच्याकडे सगळेच निरोगी होते म्हणे.

सुदामानगरची_सून
सगळ्यांचे आभार. काल दाखवायला गेलो होतो, ताजी खबर देते.

ह्यांचा इतिहास सांगितला. डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, सहा वर्षांनंतर कधी? तापाशिवाय कधी? आत्येसासूबाईंना तिथूनच फोन लावला. नाही, शाळेत जायला लागल्यावर बंद झालं. मग म्हणाले, ईईजी नको, सीटी नको, जनुकीय तपासणी आत्ता नको. एका बाजूची आली, लांबली, तापाशिवाय आली, किंवा वाढीत मागे पडतोय असं वाटलं, तर त्या वेळी बघू. स्प्रे लिहून दिला, कसा द्यायचा ते दाखवलं. क्लोबाझाम सध्या नाही (बाबा, माफ करा). हिमोग्लोबिन मात्र तपासलं, ते कमी निघालं. दिवसभर गाईचं दूध पाजतो आम्ही, ते आटोक्यात आणून वरचं खाणं वाढवायला आणि लोहाचे थेंब द्यायला सांगितलंय.

सासूबाई दवाखान्यात बरोबर होत्या. बोलल्या काही नाहीत. घरी आल्यावर स्प्रे कसा मारायचा ते मला पुन्हा करून दाखवायला सांगितलं, आणि तो कुठे ठेवायचा यावर आमचं भांडण झालं. नेहमीसारखं.

निवृत्त_बालवैद्य
तुमचे डॉक्टर सोडू नका. लोहाची कमतरता आणि तापातली आकडी यांचा संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसलाय, आणि आपल्याकडे दुधावर वाढणाऱ्या मुलांत ती सर्रास. तेवढं भरून काढणं हातातलं आहे.

नवीन_आई_राऊ
मध्येच विचारते. माझ्या मोठ्या मुलाला तापात दोनदा आली होती. धाकटीची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस पुढच्या आठवड्यात आहे. घरचे म्हणतात पुढे ढकल. लस द्यायच्या आधीच पॅरासिटामॉल देऊन ठेवलं तर चालेल का?

निवृत्त_बालवैद्य
ढकलू नका. गोवराच्या तापात आकडी येण्याचा धोका लसीच्या तापाहून कितीतरी मोठा, आणि गोवर मेंदूपर्यंतही जातो.

आधी औषध देऊन उपयोग नाही, कारण गोवराच्या लसीचा ताप त्या दिवशी येतच नाही. तो साधारण सहाव्या ते चौदाव्या दिवसात येतो, आला तर. त्या दिवसांवर कॅलेंडरात खूण करा, तेव्हा प्रवासाला निघू नका, ताप आला तर बाळाला बरं वाटावं म्हणून औषध द्या. डीपीटीसारख्या लसीचा ताप मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. आणि पुढे कांजिण्यांची लस गोवराच्या लसीतच मिसळून द्यायची वेळ आली, तर पहिला डोस वेगवेगळा घ्या. एकत्र लसीत तापाच्या आकडीचं प्रमाण वेगवेगळ्या दिलेल्या लसींच्या साधारण दुप्पट दिसलंय. लस टोचणाऱ्या ताईंना मोठ्या मुलाचं आधी सांगा.

नवीन_आई_राऊ
बरं. सांगते. सासूबाई शेजारीच बसल्यात, त्यांनाही वाचायला देते.

रामबागवाला
स्पीकरवर वाचू नका.